उघडे शटर आणि विजेची ठिणगी

धावत्या वस्तूचा स्पष्ट फोटो काढायचा असेल तर काय करावे? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी सांगतील, की कॅमेऱ्याचे शटर झटकन उघडून झटकन मिटले पाहिजे. उत्तर चुकीचे नाही. पण अतिशय वेगवान हालचालींची जी छायाचित्रे विज्ञानाच्या इतिहासात गाजली, त्यांतली बरीचशी नेमक्या उलट रीतीने काढलेली आहेत. शटर खुशाल उघडे टाकले, खोलीत अंधार केला आणि काळाचा बारीक तुकडा कापण्याचे काम प्रकाशाकडे सोपवले.

असे का करावे लागले, हे साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे १.७ सेंटिमीटर सरकते. फोटोत एवढी सरक फारशी जाणवणार नाही. पण बंदुकीची गोळी सेकंदाला ८०० मीटर जात असेल, तर तेवढ्याच वेळात ती ८० सेंटिमीटर पुढे जाईल आणि फोटोत गोळीऐवजी फार तर एक पुसट पट्टा दिसेल. शटर हा शेवटी धातूचा किंवा कापडाचा पडदा. त्याला वस्तुमान आहे, जडत्व आहे. तो उघडायला आणि मिटायला वेळ घेणारच. प्रकाशाला ही अडचण नाही. विजेची ठिणगी सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापुरती पडली, तर त्या अवधीत गोळी एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. ठिणगीच्या आधी अंधार आणि नंतर अंधार, मग शटर दहा सेकंद उघडे राहिले म्हणून काय बिघडले?

छायाचित्रणाच्या आरंभी मात्र सगळी कसरत दुसऱ्या टोकाला चालली होती. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधील बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. भर दिवसाची वेळ, वर्दळीचा रस्ता. पण चित्रात रस्ता जवळजवळ ओस पडलेला दिसतो. दागेरच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसे येऊन निघूनही गेली. एकाही जागी कोणी पुरेसे थांबले नाही. एक गृहस्थ तेवढा बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा होता, म्हणून तो उमटला. दीर्घकाळ उघडे ठेवलेले भिंग गतीला टिपत नाही, पुसून टाकते. निदान त्या काळी तरी तसेच वाटत होते.

ठिणगीची कल्पना छायाचित्रणाहूनही थोडी जुनी. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीट्स्टन याने १८३४ साली फिरत्या आरशाच्या साहाय्याने तारेतून जाणाऱ्या विजेचा वेग मोजण्याचा प्रयत्न केला. त्याच निबंधात त्याने एक निरीक्षण नोंदवले आहे. गरगर फिरणाऱ्या चाकावर लायडन बरणीच्या ठिणगीचा प्रकाश टाकला, तर चाक अगदी स्थिर दिसते. उडणारे कीटक हवेत खिळल्यासारखे दिसतात. लायडन बरणी म्हणजे त्या काळचा कंडेन्सर. तिच्यात विद्युतभार हळूहळू साठवायचा आणि एकदम मोकळा करायचा. व्हीट्स्टनच्या अंदाजाने अशा ठिणगीचा काळ सेकंदाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी होता.

हे चाक छायाचित्रात पकडले विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने. कागदावर निगेटिव्ह घेऊन तिच्यापासून हव्या तितक्या प्रती काढण्याची रीत त्याचीच. जून १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एक छापील कागद चकतीवर बसवला, चकती वेगाने फिरवली, खोली काळोखी केली, कॅमेऱ्याचे तोंड उघडले आणि लायडन बरण्यांच्या संचाची एकच ठिणगी पाडली. काच धुऊन पाहिली तेव्हा त्यावरील छापील अक्षरे वाचता येत होती. ते चित्र आज उपलब्ध नाही, पण प्रयोगाची हकीकत टॅलबटने प्रसिद्ध केली होती. त्यात एक युक्तीही दडलेली आहे. अक्षरे वाचता आली की नाही, ही गती थांबल्याची इतकी सोपी आणि नि:संदिग्ध कसोटी आहे, की आजही ती शाळेत वापरावी.

एवढे होऊनही पुढची पंचवीस-तीस वर्षे ही रीत जवळजवळ पडून राहिली. एका ठिणगीत उजेड किती असणार? त्या काळच्या काचांना तो पुरत नसे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या, अधिक संवेदनशील काचा मिळू लागल्या, तेव्हा चित्र पालटले. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवले. ती गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. शिवाय ते काम भर उन्हात वेगवान शटरांनी झाले होते, म्हणून इथे ती लांबवत नाही.

आपल्या विषयाला अधिक जवळची हकीकत आहे ती एर्न्स्ट माख याची. आवाजाच्या वेगाशी केलेल्या तुलनेला आज ‘माख अंक’ म्हणतात, तोच हा माख. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काही सैनिकांच्या जखमा आत विवरासारख्या फाटलेल्या आढळल्या. शत्रू स्फोटक गोळ्या वापरतो, असे आरोप झाले. बेल्जियममधील मेल्सेन्स या शास्त्रज्ञाचे म्हणणे वेगळे होते: गोळी आपल्या पुढे दाबलेली हवा ढकलत नेते आणि ती हवा जखम फाडते. हे ऐकल्यावर माखला वाटले, हवा दाबली जात असेल तर ती दिसली पाहिजे. माख प्राग येथे होता. प्रत्यक्ष प्रयोग एड्रियाटिक समुद्राकाठच्या फ्यूमे येथील नौदल अकादमीत पेटर साल्खर याने १८८६ साली केले. दाबलेल्या हवेतून प्रकाश किंचित वाकतो. हा वाकलेला प्रकाश वेगळा करून छायेच्या रूपात दाखवण्याची पद्धत तोवर तयार झालेली होती.

राहिला प्रश्न नेमक्या क्षणी ठिणगी पाडण्याचा. माणसाचा हात त्या कामाला कुचकामी. म्हणून ते काम गोळीलाच लावले! गोळी जाताना दोन तारांमधली फट जोडली जाई, मंडल पूर्ण होई आणि कॅमेऱ्यासमोर ठिणगी पडे. गोळीने आपला फोटो आपणच काढला. चित्रांत गोळीच्या टोकापुढे बाणाच्या पात्यासारखा एक तरंग दिसला. नाव पाण्यातून जाताना पुढे उठतो तसा. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा जास्त असेल तेव्हाच तो उमटे. कमी वेगाच्या गोळीपुढे काहीच दिसत नसे. आज विमानांच्या संदर्भात आपण ज्या आघाततरंगाविषयी बोलतो, त्याची ही पहिली चित्रे. ती १८८७ साली प्रसिद्ध झाली.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. हिच्यात युद्ध नाही, गोळी नाही. फक्त थेंब आहे.

इंग्लंडमधील रग्बी येथील शाळेतला एक मुलगा काजळी धरलेल्या काचांशी काहीतरी करत होता. त्यांवर शाईचे थेंब पडले. काजळीत उमटलेल्या त्यांच्या खुणा साध्या गोल नव्हत्या. नक्षी काढल्यासारख्या होत्या. हे १८७५च्या सुमारास घडले. थेंब आदळल्यावर असे होते तरी काय, या प्रश्नाने आर्थर मेसन वर्दिंग्टन याला धरले, ते पुढची तीस वर्षे सोडले नाही. वर्दिंग्टनने काही काळ शाळेतही शिकवले. नंतर तो डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात भौतिकीचा प्राध्यापक होता.

त्याची मांडणी प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावी अशी आहे. काजळी लावलेल्या घड्याळाच्या काचेत पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब ठेवायचा. काजळीमुळे थेंब काचेला चिकटत नाही. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडला, की काच झटक्याने बाजूला होई आणि थेंब खाली पडे. त्याच वेळी दुसऱ्या चुंबकावरून धातूची एक गोळी सुटे. ही गोळी ठरावीक उंची पडली, की ठिणगीचे मंडल पूर्ण होई. गोळीने गाठायची जागा थोडी खाली-वर केली, की ठिणगीचा क्षण मागे-पुढे होई. हिशेब करून पाहा: ४० सेंटिमीटर पडलेल्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर असतो. म्हणजे जागा ३ मिलिमीटर सरकवली, तर क्षण जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाने सरकतो. गुरुत्वाकर्षणाचेच घड्याळ केले होते म्हणा ना!

सुरुवातीला वर्दिंग्टनजवळ पुरेशी वेगवान काच नव्हती. कॅमेऱ्याच्या जागी त्याचा स्वत:चा डोळा होता. काळोखात बसायचे, ठिणगी पडायची, दृष्टिपटलावर क्षणभर रेंगाळणारी प्रतिमा मनात धरायची आणि लगेच पेन्सिलीने कागदावर काढायची. मग दुसरा थेंब, थोडी उशिराची ठिणगी, पुन्हा चित्र. एका थेंबाची सलग कथा त्यात नव्हती. प्रत्येक चित्र वेगळ्या थेंबाचे होते आणि सगळे थेंब सारखेच वागतात, असे मानून ती चित्रे क्रमाने लावलेली होती. त्यांत कडेने एकसारखे तुरे उठलेला सुंदर मुकुट होता. भूमितीच्या पुस्तकात शोभावा इतका रेखीव.

१८९४ साली, आर. एस. कोल या सहकाऱ्याच्या मदतीने, त्याला छायाचित्रे मिळाली. आता ठिणगी सेकंदाच्या तीन दशलक्षांशांहून कमी काळ टिकत होती. मुकुट होताच. पण तो वेडावाकडा होता! एका बाजूचा तुरा उंच, दुसरीकडचा आखूड, कुठे दोन तुरे एकत्र मिळालेले, कुठे थेंब आधीच सुटून गेलेला. वर्दिंग्टनने आपली जुनी कच्ची चित्रे काढून पुन्हा तपासली. तेव्हा असे दिसून आले की, वेड्यावाकड्या आकृत्या त्याने त्या वेळीही पाहिल्या होत्या आणि काढल्याही होत्या. छापण्यासाठी निवड करताना मात्र त्या ‘अपघाती’ म्हणून बाजूला पडल्या. थेंब नीट पडला नसेल, काच किंचित कलली असेल, अशी समजूत घालून. हे त्याने लपवले नाही. जाहीर व्याख्यानात आणि नंतर पुस्तकातही सांगितले.

वर्दिंग्टनने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. अपघाती दोष वगळून मूळ नियम शोधणे हा विज्ञानातला रोजचा व्यवहार आहे. ग्रहांच्या कक्षा, लंबकाचे आंदोलन, सगळे आपण असेच शिकवतो. अडचण एवढीच, की इथे वेडेवाकडेपणा हाच घटनेचा भाग होता. आदळलेल्या थेंबाची कड जाड वळ्यासारखी होते. पृष्ठताणामुळे असे वळे टिकून राहू शकत नाही. नळाची बारीक धार जशी तुटून थेंब होतात, तसे ते जागोजागी फुगते आणि आवळते. फुगवटा नेमका कुठे धरेल, हे हवेचा झोत, थेंबाचे सूक्ष्म थरथरणे अशा नगण्य कारणांवर ठरते आणि तो फरक पुढे वाढतच जातो. परिपूर्ण मुकुट हा नियम नव्हे, क्वचित जुळून येणारा योग आहे. आपल्याकडे प्रयोगवहीत आलेखाच्या सरळ रेषेवर बसावेत म्हणून आकडे ‘नीट करण्याची’ सवय किती खोल गेली आहे, हे शिक्षकांना मी सांगायला नको. त्या सवयीची चर्चा करताना मला नेहमी वर्दिंग्टनची चित्रे आठवतात. त्याचे ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक १९०८ साली निघाले.

ठिणगी असा एकच क्षण देते. पण गती म्हणजे क्षण नव्हे. आधीचा आणि नंतरचा संबंध म्हणजे गती. तो संबंध दाखवायला उघडे भिंगच उपयोगी पडते, हे पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८८२-८३ साली दाखवले. त्याने माणसाला काळा वेश घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून चालायला लावले. भिंगापुढे फटी असलेली चकती फिरत होती. एकाच काचेवर पट्ट्यांच्या रेषा एकीशेजारी एक उमटत गेल्या. माणूस नाहीसा झाला, चाल उरली. दागेरच्या रस्त्यावर जे पुसले गेले होते, ते इथे नेमके लिहिले गेले. गुपित काळ्या रंगात आहे: काळ्यावरून प्रकाश येतच नाही, म्हणून काच कोरी राहते आणि पुढच्या रेषेची वाट पाहते.

अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९१२च्या सुमारास कारागिरांच्या बोटांना छोटे विजेचे दिवे बांधले आणि शटर उघडे ठेवून त्यांच्या कामाची प्रकाशरेषा घेतली. नुसत्या रेषेवरून मार्ग कळतो, वेळ कळत नाही. म्हणून त्यांनी दिव्याचा प्रवाह ठरावीक गतीने खंडित केला. रेषेचे तुकडे झाले. तुकडे लांब तिथे हात वेगात, आखूड तिथे सावकाश. दिवा झटकन पेटून हळूहळू मंदावेल असे केल्यावर प्रत्येक तुकडा एका टोकाला निमुळता झाला आणि दिशाही कळू लागली. कामगाराचे श्रम वाचावेत, असा त्यांचा हेतू होता. त्याच रेषांचा उपयोग कामगारावर वेग लादण्यासाठीही होऊ शकतो, ही शंका कामगार संघटनांना होती आणि ती निराधार म्हणता येत नाही.

हे दोन्ही धागे एकत्र आले हॅरल्ड एजर्टन याच्या हाती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये तो मोठ्या विद्युत मोटारींचा अभ्यास करत होता. वायूने भरलेल्या नळीचे लखलखाट मोटारीच्या फेऱ्यांशी जुळले, की फिरता भाग थांबल्यासारखा दिसे. १९३१ साली त्याने यावरून स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरावीक कालांतराने लखलखणारा दिवा, सिद्ध केला. तत्त्व लायडन बरणीचेच. १० ज्यूल ऊर्जा म्हणजे १० वॉटचा दिवा एक सेकंद जळेल एवढीशी. पण ती कंडेन्सरमध्ये साठवून १० मायक्रोसेकंदांत मोकळी केली, तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती दहा लाख वॉट होते. टॅलबटची उजेडाची उणीव अशी भरून निघाली. पुढे कॅमेऱ्यांवर जो इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, तो याच घराण्यातला.

१९६४ साली एजर्टनने सफरचंदाच्या आरपार जाणाऱ्या गोळीचे प्रसिद्ध चित्र काढले. अशा चित्रांत फ्लॅशला इशारा द्यायला तो मायक्रोफोन वापरी. मायक्रोफोन साडेतीन सेंटिमीटर मागे घेतला, की आवाज तिथवर पोचायला सेकंदाचा दहा हजारावा भाग जास्त लागतो. तेवढ्याने गोळी पुढे सरकलेली दिसते. आणि दुधाचा थेंब! एजर्टनने १९३०च्या दशकापासून तो पुन:पुन्हा टिपला. रंगीत ‘मुकुट’ १९५७चा. अनेक वर्षे अनेक थेंबांतून निवडलेले ते चित्र इतके रेखीव आहे, की वर्दिंग्टनची पहिली पेन्सिलचित्रेच आठवावीत. खोटे त्यात काहीच नाही. पण कॅमेरा आला म्हणून निवड करणारे मन गेले, असेही नाही.

एजर्टनच्या दिव्यांशी परिचित असलेल्या जॉन मिली या छायाचित्रकाराने १९४९ साली फ्रान्समध्ये पिकासोच्या हाती छोटी विजेरी दिली. अंधाऱ्या खोलीत शटर उघडे, पिकासो हवेत बैलासारख्या आकृती काढतो आहे, आणि मध्येच एकदा फ्लॅश. चित्रात चित्रकार स्पष्ट आहे आणि त्याच्या हाताची प्रकाशरेषाही सलग आहे. एक क्षण आणि कित्येक क्षण एकाच फिल्मवर.

भौतिकीच्या शिक्षकांना मात्र बेरनीस ॲबट हिचे ऋण अधिक. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेत शालेय विज्ञान सुधारण्याची धांदल उडाली. एमआयटीमध्ये त्याआधीच, १९५६ साली, भौतिकीच्या नव्या पाठ्यपुस्तकाचे काम सुरू झाले होते. न्यूयॉर्क शहराच्या चित्रांसाठी नावाजलेली ॲबट १९५८ साली तिथे रुजू झाली. उसळ्या मारत जाणारा चेंडू, फिरत फेकलेला पाना, अशी तिची चित्रे शटर उघडे ठेवून लागोपाठच्या लखलखाटांत घेतलेली आहेत. त्यांवर पट्टी ठेवून मोजता येते. नियम आधी सांगून मग चित्र दाखवायचे, ही नेहमीची रीत तिथे उलटी झाली.

हे आज आपल्या शाळेत करता येईल. ज्या मोबाइलमध्ये शटरचा वेळ हाताने ठरवता येतो, तो घट्ट टेकवून ठेवा आणि वेळ एक सेकंद करा. खोलीत अंधार, मागे काळे कापड, बाजूला ठळक खुणांची उभी मीटरपट्टी. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च सेकंदाला १० वेळा लुकलुकेल असे ॲप मिळते. लुकलुकत्या प्रकाशाने काहींना आकडी येऊ शकते. कोणाला तसा त्रास असेल तर त्याला या प्रयोगापासून दूर ठेवा. पांढरा चेंडू मीटरभर उंचीवरून सोडला तर तळाशी पोचायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो, म्हणजे चार-पाच प्रतिमा मिळतात. पहिला लखलखाट चेंडू सुटण्याच्या क्षणीच होईल याची खात्री नसते, त्यामुळे पुस्तकातले १ : ३ : ५ हे प्रमाण शोधत बसू नये. लागोपाठची अंतरे मोजावीत आणि त्यांच्यातला फरक काढावा. हा फरक दर वेळी ९.८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. टॉर्चचा लखलखाट ठिणगीसारखा क्षणिक नसल्यामुळे प्रतिमा थोड्या लांबट येतील, खालच्या अधिक लांबट. दर वेळी त्यांचे वरचे टोक धरून मोजावे. प्रतिमेच्या लांबीतून चेंडूचा व्यास वजा केला आणि उरलेल्या लांबीला टॉर्च पेटता असण्याच्या काळाने भागले, की त्या जागचा वेगही मिळतो.